लेकीचा वाटा : पांढुर्णा-सौंसरच्या सीमेवरून



या स्मृतिव्याख्यानासाठी संयोजकांनी मला 'शाश्वत विकास आणि स्त्री-पुरुष समानता' हा विषय सुचविला. शब्द भारदस्त आहेत. १९८७ साली ब्रुंटलंड आयोगाने शाश्वत विकासाची जी व्याख्या केली, तिचा आशय एवढाच की आजच्या गरजा भागविताना उद्याच्या पिढ्यांच्या तोंडचा घास काढून घेऊ नये. १९९२ साली रिओ येथील जागतिक परिषदेने या कामात स्त्रियांचे स्थान काय असावे यासाठी आपल्या कार्यक्रमपत्रिकेत एक स्वतंत्र प्रकरण घातले. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी जी सतरा उद्दिष्टे ठरविली, त्यांतले पाचवे स्त्री-पुरुष समानतेचे आहे, आणि त्यातच स्त्रियांना जमिनीची मालकी व तिच्यावरचा ताबा समान हक्काने मिळावा असे कलम आहे. मी आयुष्यभर मराठी भाषा आणि वाङ्मय शिकविले. कायदा किंवा अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु शब्दांचा माग काढणे हा माझा व्यवसाय होता. म्हणून या भारदस्त शब्दांऐवजी मी आपल्या घरातला एक साधा शब्द हाती घेतो : वाटा. लेकीचा वाटा. आपल्या या मुलखात त्या वाट्याचा इतिहास कसा घडला, एवढेच मला आज सांगायचे आहे.

१

जमिनीपासूनच सुरुवात का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या शिवारातच आहे. पांढुर्णा आणि सौंसर, सीमेपलीकडे वरूड, मोर्शी, नरखेड आणि काटोल, हा सारा संत्र्याचा सलग पट्टा. कपाशी हे एका हंगामाचे पीक. संत्र्याचे तसे नाही. कलम लावल्यापासून झाड भरात यायला पाच-सहा वर्षे लागतात आणि बाग वीस-पंचवीस वर्षे जगवावी लागते. आंबिया बहार धरायचा की मृग बहार, झाडांना ताण किती दिवस द्यायचा, विहीर खोल करायची की नवी बोअर मारायची, हे निर्णय पुढच्या पिढीपर्यंत पोचणारे असतात. बोअर खोलखोल गेल्या की काय होते, हे भूजलाच्या अतिउपशामुळे हैराण झालेल्या वरूड-मोर्शीच्या भागाने आपल्याला दाखविले आहे.

आता हे निर्णय कोण घेते, ते पाहा. कपाशी वेचते बाई. निंदण-खुरपण करते बाई. गोठा, बियाणे आणि घरचे पाणी सांभाळते बाई. पण कर्ज मागायला, विम्याचा दावा करायला, गारपिटीचा मोबदला घ्यायला कागद लागतो, आणि कागदावर तिचे नाव नसते. २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातील एकूण वहिवाट-खात्यांपैकी स्त्रियांच्या नावाची खाती शंभरांत चौदाही भरली नाहीत. अन्न व कृषी संघटनेने २०११च्या अहवालात असे अनुमान मांडले होते की शेतकरी स्त्रीला पुरुषाइतकीच साधने मिळाली तर तिच्या शेतातील उत्पन्न २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकेल. हा न्यायाचा प्रश्न आहेच. पण मातीच्या आणि पाण्याच्या हिताचाही आहे. जी रोज मातीत राबते, तिला त्या मातीच्या भवितव्यावर बोलण्याचा अधिकार नसेल, तर विकास टिकाऊ कसा व्हावा?

२

वारसाहक्काचा हा प्रश्न आपल्याकडे राजवाड्यापासून झोपडीपर्यंत सारखाच होता. आपला मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, तेव्हा राजघराण्यातील स्त्रियांचा दत्तक घेण्याचा अधिकार डलहौसीने मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केले. दुसऱ्या रघूजींची वृद्ध विधवा बांकाबाई हिच्या डोळ्यांदेखत वाड्यातील संपत्तीचा लिलाव झाला. या घटनेकडे आपण परकीय सत्तेचा अन्याय म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. राज्य राखायला राणीला मुलगा हवाच होता, पोटचा नाही तर दत्तक. तिचा स्वतःचा म्हणून वाटा राजघराण्याच्या रूढीतही नव्हता आणि कंपनीच्या न्यायातही नव्हता.

त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे गेली. मधल्या काळात, १८८२ साली, वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून समाजाला खडे बोल सुनावले होते. परंतु कायद्याचे चाक हलले ते १९३७ मध्ये. मुंबईचे शल्यविशारद आणि मध्यवर्ती विधिमंडळाचे सभासद डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा संमत झाला. लोक त्याला 'देशमुख कायदा'च म्हणत. विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यावर उभे राहता आले, वाटणी मागता आली. पण तो हक्क तिच्या हयातीपुरता होता. ती जमीन विकू शकत नव्हती, लेकीला देऊ शकत नव्हती. आणि लेकीला तर त्या कायद्याने काहीच दिले नाही. भरीस भर म्हणजे १९४१ साली फेडरल कोर्टाने निर्णय दिला की शेतजमीन हा प्रांतांच्या अखत्यारीतला विषय असल्यामुळे हा कायदा शेतीला लागूच होत नाही. निरनिराळ्या प्रांतांना त्यासाठी वेगळे कायदे करावे लागले. शेतीवरच जगणाऱ्या देशात वारशाचा कायदा होतो आणि त्यातून शेतीच वगळली जाते, यातला विरोधाभास आपल्या सहज ध्यानात येईल.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला विरोध यांसारखे ठराव तेथे झाले. आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर हे घडत होते. ज्या स्त्रियांकडे गमावण्यासारखी वितभर जमीनही नव्हती, त्यांनी कायद्यातील समानतेची भाषा इतक्या स्पष्टपणे बोलावी, हे आपल्या प्रादेशिक इतिहासातले मोठे पान आहे. पुढे हिंदू कोड बिल रखडले आणि १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. लेकीचा वाटा हा त्या वादातला सर्वांत कडवा मुद्दा होता. धर्म बुडेल, असे विरोधक म्हणत. पण त्यांना खरी धास्ती शेत फुटण्याची होती.

३

१७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आला. स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता आता तिची पूर्ण मालकीची झाली. लेक वडिलांची वारस झाली. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मुलांनाच राहिला. याचा अर्थ आकड्यांत सांगतो, कारण मोघम बोलण्याने या विषयाचे फार नुकसान झाले आहे. समजा, वडिलोपार्जित १२ एकर शेत आहे. वडील, दोन मुलगे आणि एक मुलगी. आई आधीच वारलेली. वडील गेले की १९५६च्या कायद्याप्रमाणे आधी वडील आणि दोन मुलगे यांच्यात काल्पनिक वाटणी व्हायची, प्रत्येकी ४ एकर. मग वडिलांच्या ४ एकरांत तिन्ही भावंडांचा सारखा हिस्सा. म्हणजे मुलीला सव्वा एकराहून किंचित अधिक, आणि प्रत्येक मुलाला सव्वापाच एकरांहून अधिक. शिवाय राहत्या घराची वाटणी भाऊ मागत नाहीत तोवर बहिणीला मागता येत नसे. आणि वडिलांनी मृत्युपत्र केले तर तो सव्वा एकरही जाई.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रदेशातील विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे झाले. सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर नव्या मध्य प्रदेशात राहिला. या सीमेविषयी आपण भाषेच्या अंगाने पुष्कळ बोललो आहोत. शाळांतील मराठीचे काय होणार, ही आपली जुनी काळजी. पण ही सीमा लेकींच्या वाट्यातूनही गेली, हे मात्र आपण फारसे बोललो नाही.

१९९४ साल आले. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखाच जन्मतः हक्क दिला. आंध्र प्रदेशाने १९८६ मध्ये आणि तमिळनाडूने १९८९ मध्ये हे पाऊल उचललेच होते. मध्य प्रदेशाने तसा कायदा केला नाही. मघाचेच १२ एकर घ्या. नव्या हिशेबाने वडील, दोन मुलगे आणि मुलगी यांचे प्रत्येकी ३ एकर. वडिलांच्या ३ एकरांतून प्रत्येकाला एकेक. मुलीला ४ एकर, मुलांनाही ४ एकर. नरखेडच्या शिवारात ४ एकर आणि पांढुर्ण्याच्या शिवारात सव्वा! सोयरीक तीच, बोली तीच, पोळा-दिवाळी तीच, संत्र्याची जात तीच. मात्र महाराष्ट्रातही एक अट होती : २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. त्यामुळे एकाच घरात, ज्येष्ठात लग्न उरकलेली थोरली बाहेर आणि मार्गशीर्षात लग्न झालेली धाकटी आत, असेही होऊ शकत होते.

ही दरी भरून निघायला अकरा वर्षे लागली. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने साऱ्या देशात मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. लग्न झालेली आणि न झालेली हा भेद गेला. राहत्या घराविषयीची अटही गेली. तरीही, वडील त्या दिवशी हयात नसतील तर काय, हा वाद चालूच राहिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटविला : हक्क जन्माने येतो, म्हणून २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या अबाधित राहिल्या. १९३७ ते २०२० हा हिशेब केला तर त्र्याऐंशी वर्षे होतात. एवढ्या काळात आजीचा प्रश्न नातीपर्यंत पोचतो.

४

इतिहास मात्र एकाच बाजूचा नसतो. त्याच १९९४ साली मध्य प्रदेशानेही एक मोठे काम केले. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली होती. तिला अनुसरून नवा पंचायत कायदा करून निवडणुका घेणारे मध्य प्रदेश हे देशातले पहिले राज्य ठरले, आणि एकतृतीयांश जागांवर स्त्रिया निवडून आल्या. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या होत्या. पण पंचायतींत निम्म्या जागा देण्याचा निर्णय मध्य प्रदेशाने महाराष्ट्राच्या आधी घेतला. महाराष्ट्रात तो २०११ मध्ये झाला.

म्हणजे एकाच वर्षी दोन शेजारी राज्यांनी दोन वेगवेगळी दारे उघडली. पलीकडे शेताचे, अलीकडे चावडीचे. खुर्ची मिळालेल्या बाईला जमीन नव्हती. जमीन मिळालेल्या बाईला निम्मी खुर्ची मिळायला आणखी सतरा वर्षे लागणार होती. आपल्याकडे 'सरपंचपती' हा शब्द रूढ झाला आणि आपण त्याच्यावर विनोद केले. पण हा शब्द का जन्मला? ज्या बाईच्या नावावर घर नाही, शेत नाही, आणि नवऱ्याने किंवा भावाने दार लावले तर जिला रात्र काढायला जागा नाही, तिने ग्रामसभेत नवऱ्याच्या मताविरुद्ध हात वर करावा, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे? मला असे वाटते की सत्ता आणि मालकी ही एकाच बैलगाडीची दोन चाके आहेत. एकच चाक लावले तर गाडी जागच्या जागी गोल फिरते.

याची जाण विदर्भात ज्यांना लवकर झाली त्यांत शरद जोशी आणि त्यांच्या शेतकरी संघटनेची महिला आघाडी यांचा उल्लेख केला पाहिजे. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन झाले, १९८९ मध्ये अमरावतीला दुसरे झाले, आणि त्यातून 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम निघाली. पतीने आपण होऊन काही जमीन पत्नीच्या नावे करून द्यायची. शंभर घरांनी असे केले की ते गाव 'लक्ष्मीमुक्ती गाव'. कायद्याची सक्ती नाही, कोर्टाची पायरी नाही. या मोहिमेने एक गोष्ट सिद्ध केली : शेतकरी पुरुष बदलूच शकत नाही, हे म्हणणे खरे नाही. अर्थात तिचा भर पत्नीवर होता. लेकीचा प्रश्न त्याहून अवघड, कारण ती दुसऱ्या घरी जाते.

५

आता कायद्यात उणे फारसे उरलेले नाही. मग आपल्या गावांतल्या खसऱ्यावर लेकींची नावे का दिसत नाहीत?

पहिले कारण भाषेचे आहे, आणि ते खास आपल्या सीमाभागाचे आहे. घरात आपण मराठी बोलतो, कचेरी हिंदी बोलते. नरखेडची बाई सातबारा, तलाठी, फेरफार, वारसनोंद हे शब्द माहेरी-सासरी ऐकतच मोठी होते. ती लग्न होऊन पांढुर्ण्यात आली की तिच्यापुढे खसरा, बी-वन, पटवारी, ऋणपुस्तिका, फौती नामांतरण असे शब्द येतात. आणि पांढुर्ण्याची लेक काटोलला दिली की उलट घडते. १९५९च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेने शेतकऱ्याला 'भूमिस्वामी' असा भारदस्त शब्द दिला. भाषेचा अभ्यासक म्हणून मला नेहमी वाटत आले आहे की हा शब्द ऐकताच बाईला तो आपल्यासाठी आहे असे वाटतच नाही. कागद कळला नाही की सही करणे सोपे होते.

दुसरे कारण त्या सहीचेच आहे. महाराष्ट्रात तिला हक्कसोड म्हणतात, आपल्याकडे हक्कत्याग. वडील वारले की तेराव्यानंतर भाऊ कागद पुढे करतो आणि बहीण सही करते. जबरदस्ती क्वचितच असते. भीती असते ती माहेर तुटण्याची. मी वाचलेल्या-ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्यांत भाऊ पदोपदी येतो : त्याचे वैभव येते, दिवाळीची वाट येते, भाऊबीजेचे लुगडे येते. शेतातला वाटा मात्र मला त्या ओव्यांत कुठे आढळला नाही. आमच्या पिढ्यांनी बहिणीला चोळीबांगडीत समाधान मानायला शिकविले आणि त्या समाधानाला प्रेम हे नाव दिले. प्रेम खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण ज्या प्रेमाची किंमत दरवेळी एकाच भावंडाने मोजायची, त्याचा हिशेब कधीतरी तपासला पाहिजे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार साऱ्या देशाला ठाऊक आहे. तिच्यामागची आख्यायिका सांगते की पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला आणि नदीत दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले. दगड कोणी मारले, झेंडा कोणी तोडला, कोणता काठ जिंकला, हे दरसाल सांगितले जाते. त्या मुलीचे नाव काय होते, तिला काय हवे होते, हे आख्यायिका सांगत नाही. दोन घरांच्या मधल्या पात्रात उभी असलेली ती मुलगी मला आपल्या वारशाच्या इतिहासाचीच मूर्ती वाटते. हक्क मागितला तर माहेरचा दगड, न मागितला तर सासरचा टोमणा.

तिसरी गोष्ट आपल्या शेजारघराची. आपल्या डोंगरपट्ट्यात गोंड समाज शतकानुशतके राहतो. १९५६चा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे २००५ची दुरुस्तीही गोंड लेकींपर्यंत पोचली नाही. जुलै २०२५ मध्ये मात्र छत्तीसगडातील एका गोंड स्त्रीच्या वारसांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समान वाटा मान्य केला. बाईला वाटा मिळण्याची रूढी सिद्ध करा, असे खालची न्यायालये म्हणत होती. बाईला वगळण्याची रूढी तरी कोठे सिद्ध झाली आहे, असा उलटा प्रश्न वरिष्ठ न्यायालयाने केला. या निर्णयात आपल्या जुन्या मध्य प्रांताच्या १८७५च्या कायद्यातील न्याय, समता आणि सद्बुद्धी यांचे तत्त्व आधाराला आले. दीडशे वर्षांपूर्वीचे एक जुने कलम असे कामी यावे, याचे इतिहासाच्या वाचकाला समाधान वाटते. पण एका निर्णयाने कायदा होत नाही. तो संसदेने करावा लागेल.

६

मित्रहो, ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. त्याच वर्षी मध्य प्रदेशात 'लाडली बहना' आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्रात 'माझी लाडकी बहीण' या योजना आल्या. सीमेच्या दोन्ही बाजूंना सरकारने स्त्रीला बहीण म्हटले आणि तिच्या खात्यात पैसे घातले. त्या पैशाने पुष्कळ घरांत औषध आले, वह्या आल्या. त्याला मी नावे ठेवणार नाही. पण सरकारची बहीण होणे सोपे आहे. खऱ्या भावाच्या खसऱ्यावर नाव लागणे अवघड आहे. शासनाची मदत चालू राहील किंवा थांबेल. खसऱ्यावरचे नाव तिच्या लेकीपर्यंत जाते.

डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांनी शेतकरी स्त्रियांच्या हक्कांचे विधेयक २०१२ मध्ये राज्यसभेत मांडले होते. त्यांची मुदत संपली आणि विधेयक बारगळले. संसदेचे काम संसदेने करावे. शाळेला करता येईल असेही काही आहे. नवव्या-दहाव्या वर्गातील प्रत्येक मुलीला आणि मुलाला आपल्या घरचा खसरा आणि बी-वन वाचता यावा. वर्षातून दोन तास पुरेत. सीमेपलीकडे सोयरीक होणार, म्हणून सातबाराही वाचता यावा. ज्या कागदावर पुढे सही करायची, तो निदान वाचता आलाच पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज घरातले कर्ते आहेत. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की वडिलांच्या पश्चात फौती नामांतरणाचा अर्ज लिहाल तेव्हा बहिणीचे नाव गाळू नका. नाव लागल्यावर पुढे तिने शेत कसावे, तुम्हाला खंडाने द्यावे, विकावे किंवा तुम्हालाच द्यावे, हे तिचे तिला ठरवू द्या. आधी नाव लागू द्या. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याच्या त्यागाला अर्थ नसतो. आणि आजवर आपण बहिणीकडून असाच त्याग घेत आलो.